डाव्या खिशातला खडा

आमच्या विश्रामबागेतल्या इमारतीत राहणारी माणसं जितक्या वेळा मोजली गेली, तितक्या वेळा जगात दुसरी कुठलीही माणसं मोजली गेली नसतील. हे काम तळमजल्यावरच्या आमच्या शेजारणीचे सासरे करत. त्यांना सगळे आबा म्हणत. औंधच्या पूर्वेला, जिथं पाऊस येणार नाही असं सांगणाऱ्याचा अंदाज सहसा चुकत नाही, अशा माळावर त्यांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलं. गुडघे थकल्यावर मुलानं कळप विकला आणि त्यांना सांगलीला आणलं. कळप गेला, मोजण्याची सवय गेली नाही. दिवेलागणीला ते फाटकापाशी खुर्ची टाकून बसत. पैरणीच्या डाव्या खिशात अकरा बिऱ्हाडांचे अकरा खडे असत. एखाद्या घरातलं शेवटचं माणूस आत आलं की त्या घराचा खडा उजव्या खिशात जाई. दुसऱ्या मजल्यावरचे प्राध्यापक एकदा कुणाला न सांगता माधवनगरला सासुरवाडीत मुक्कामाला राहिले. आबांनी नंबर मिळवून त्यांच्या सासऱ्यांना फोन लावला आणि विचारलं, "आमचं एक चुकार मेंढरू तुमच्यात मिसळलंय का बगा." प्राध्यापक आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. आबांनी मात्र तो आठवडा त्यांना रोज दोनदा मोजलं.

अकराही खडे उजवीकडे गेले तरी आबांना झोप लागत नसे. डाव्या खिशात आणखी एक, बारावा खडा होता आणि तो कधीच हलत नसे. बातमीदारीत उमेदीची वर्षं गेल्यामुळं मला विचारल्यावाचून राहवलं नाही.

"कळप गाडीत चढवला तवाचा हाय त्यो," आबा म्हणाले. "ईस मेंढरं चढली की एक खडा हिकडचा तिकडं. दोनशे मेंढरं, धा खडं. नऊ झालं. तवर डायवर लागला हारन वाजवाय आन् पोरानं लावली फळी. शेवटची ईस मोजायची ऱ्हायली."

"पण ती चढली होती ना?"

"चढली आसतील की. मोजली न्हाईत."

या दोन वाक्यांच्या मधे आबा गेली तीन वर्षं जागे होते. डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, पायाला तेल झालं. शेवटी सुनेनं समुद्र सुचवला. "पाणी बघून डोकं गार हुतं म्हणत्यात," ती म्हणाली. राजापूरच्या बाजूला एका शांत गावात माझ्या ओळखीच्या एक मावशी पाहुणे ठेवत. माझ्या गाडीतून आम्ही पाच जण निघालो: आबा, त्यांचा मुलगा, सून, माझी पत्नी आणि मी. अणुस्कुरा घाटाच्या तोंडाशी चहा झाला, पण आबा गाडी हलू देईनात.

"चारच हायती. एक ऱ्हायलं."

मुलगा टपरीमागं पाहून आला. मी रस्त्यावर लांबपर्यंत नजर टाकली. मग सुनेच्या लक्षात आलं. "आवं मामा, तुमी सोताला मोजा की!"

"राखणदाराला कोन मोजतंय व्हय?" आबा म्हणाले आणि नाराजीनंच गाडीत बसले.

गाव म्हणजे माडांत लपलेली काही कौलं, सुरूची एक रांग आणि समुद्राला मिळताना लाजल्यासारखा वळणारा ओढा. किनाऱ्यावर वाळू औषधालाही नव्हती. इकडून तिकडे नुसते गोटे होते, काळे, राखाडी, अंड्यासारखे गुळगुळीत. ओढ्याच्या तोंडाशी एक खंड्या बसला होता, तेवढीच वर्दळ. आबांनी समुद्राकडे पाहिलंच नाही. ते खाली पाहत राहिले. विसाला एक खडा, या हिशेबानं आयुष्य काढलेल्या माणसापुढं तो किनारा म्हणजे भलतीच गोष्ट होती.

"लय खडं रं गड्या! येवढी मेंढरं कुनाची म्हनायची?"

"कुणाची म्हणजे? समुद्राची हो," मावशी हसून म्हणाल्या.

"आन् राखतंय कोन?"

"राखायचंय काय त्यात? कोणी नाही."

आबांना हे अजिबात पसंत पडलं नाही.

दुपारी ओहोटी लागली होती. लाट वर येई आणि मागं फिरताना हजारो गोटे तिच्याबरोबर गडगडत जात. मी काहीतरी सांगत होतो. आबांनी माझा दंड धरला.

"गप. खुरं वाजत्यात."

मीही ऐकलं. दगडाळ उतारावरून कळप निघावा तसा तो आवाज होता. आबा तिथंच बसले. प्रत्येक परतणाऱ्या लाटेला त्यांचे ओठ हलत होते. मीही मनात मोजत होतो. विसावी लाट मागं गेली तेव्हा त्यांनी डाव्या खिशातला खडा काढला. हात उजव्या खिशाकडे गेला, थांबला, आणि त्यांनी तो खडा समोरच्या ओल्या गोट्यांत ठेवला. पुढच्या लाटेनंतर तो कोणता, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"आली समदी," ते म्हणाले. मुंडासं उशाला घेऊन ते तिथंच आडवे झाले आणि मिनिटाभरात घोरायला लागले.

मावशी धावत आल्या. "अहो, उठवा त्यांना! पाठीला दगड रुततील!"

"ऱ्हाऊ द्या मावशी," सून म्हणाली. "गादी कुठं रुतत हुती? तरी जागंच हुतं की." भरतीचं पाणी चढायला लागेपर्यंत ती समुद्र आणि सासरे यांच्यामधे बसून राहिली.

हल्ली फाटकाजवळची खुर्ची बऱ्याचदा रिकामी असते. "घरी पोचलो असं वाटतच नाही हो," प्राध्यापक परवा मला म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार होती. काल दिवे लागायच्या वेळी मी आलो. मला कुणी मोजलं नाही. तळमजल्याच्या खिडकीतून घोरणं ऐकू येत होतं, सावकाश आणि बिनघोर. मी क्षणभर थांबलो, "एक," असं हलकेच म्हणालो आणि जिना चढलो.