आत्या पुढे, मावशी मध्ये

आपलं आयुष्य दुसऱ्यांच्या तोंडात गेलं, असं आत्या स्वतःच म्हणायच्या. त्या कवळ्या बनवायच्या. दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे यायचे. आत्या त्यांत प्लास्टर ओतायच्या, साचा सुकला की त्यावर मेणाची पाळ चढवायच्या आणि त्या मेणात एकेक दात बसवायच्या. आधी पटाशीचे, मग सुळे, मग दाढा. चौतीस वर्षं हेच. ज्यांच्यासाठी कवळ्या केल्या त्यांतलं एकही माणूस त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. रस्त्यात एखादा म्हातारा तोंडभर हसला की आत्या त्याच्या दातांकडे बघत राहायच्या. आपले आहेत का, एवढंच.

त्यांची कामाची खोली एका दुमजली घराच्या तळाशी, मागच्या बाजूला होती. एक खिडकी, एक लांब टेबल, भिंतीतल्या फळ्या आणि कोपऱ्यात पॉलिशचं यंत्र. त्या यंत्रावर त्यांचा भाचा बसायचा. भाऊ कामासाठी परदेशी गेला तो तिकडचाच झाला. वहिनी आजारपणात गेली. नऊ वर्षांचा मुलगा आत्यांकडे आला आणि आत्यांचं लग्न राहून गेलं ते गेलंच. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायच्या, मला नवऱ्याच्या घोरण्यापेक्षा यंत्राचा आवाज बरा.

भाचा बुटका, रुंद, मानेच्या जागीही खांदेच असलेला. संघात त्याला ठोकळा म्हणायचे. संघ म्हणजे देशाचा रग्बीचा संघ. त्या देशात रग्बी खेळतात हे देशालाच फारसं माहीत नव्हतं. पण आशियाई स्पर्धेच्या दुसऱ्या गटात हा संघ दर वर्षी जायचा, एक सामना जिंकायचा, एक हरायचा आणि परत यायचा. ठोकळा अकरा वर्षं संघात होता. त्यातली आठ राखीव म्हणून बाहेर बसून गेली, उरलेली तीन उत्तरार्धात बदली म्हणून उतरण्यात. आत्यांनी त्याला देशासाठी खेळताना एकदाही पाहिलं नव्हतं. स्पर्धा नेहमी परक्या मुलखात. त्यांच्याकडे पासपोर्टही नव्हता.

तरी संघातली सगळी पोरं त्यांना ओळखायची, कारण सगळ्यांच्या दातांची कवचं आत्याच करून द्यायच्या. खेळताना दातांवर बसवायचं ते रबरी कवच. प्रत्येकाच्या जबड्याचा साचा त्यांच्या फळीवर असायचा आणि त्यावर पेन्सिलीने नाव: शिडी, बोका, मास्तर, ठोकळा. संघातले सगळेच त्यांना आत्या म्हणायचे.

ठोकळ्याचं मैदानावरचं एक काम नेमकं होतं. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की तो आत फेकायचा. तेव्हा दोन्ही संघ शेजारी शेजारी दोन रांगा करून उभे राहतात. मधल्या फटीतून चेंडू सरळ फेकायचा. आपल्या रांगेतल्या एकाला दोघं जण वर उचलतात आणि तो हवेत झेलतो. कुणाला उचलणार, पुढच्याला, मधल्याला की मागच्याला, हे फेकणाऱ्याला कळलं पाहिजे आणि समोरच्यांना कळता कामा नये. म्हणून खुणेचे शब्द असतात. आधी आकडे वापरून पाहिले, मग रंग. समोरचे दोन सामन्यांत ओळखायचे. तेव्हा ठोकळ्याने डोकं चालवलं. आत्या म्हणजे पुढचा. मावशी म्हणजे मधला. काकू म्हणजे मागचा.

पुढे एका संघाने म्हणे आपल्या दुभाष्याला रेषेपाशी उभं केलं. त्यांच्या भाषेत तिघींना मिळून एकच शब्द. दुभाष्याने अर्धा तास ऐकून सांगितलं की हे लोक दर वेळी मावशीच्या नावाने ओरडतात, बहुतेक तिच्यावर फार जीव आहे. ही गोष्ट ठोकळा घरी आल्यागेल्याला सांगायचा.

आत्यांना मात्र एक खुपलं होतं. पुढची फेक सगळ्यांत जवळची, सगळ्यांत सोपी. म्हणजे मी सोपी होय रे, असं त्या म्हणाल्या होत्या.

"सोपी नाही गं. जवळची," ठोकळा म्हणाला होता.

सराव घराच्या गच्चीवर व्हायचा. पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर खडूच्या तीन खुणा. आत्या कपडे वाळत घालता घालता मधेच शब्द टाकायच्या, काकू, आणि चेंडू तिसऱ्या खुणेवर आपटायचा. वर्षानुवर्षं असं चाललं आणि ते शब्द घरात मुरले. कामाच्या खोलीतल्या तीन फळ्यांनाही तीच नावं पडली. कात्री कुठाय? काकूकडे. मेण संपलं? मावशीवर बघ. खऱ्या मावशा-काकवा फारशा नव्हत्याच त्यांना. नाती फळ्यांवर मांडून ठेवल्यासारखी झाली होती.

त्या वर्षी स्पर्धा त्यांच्याच शहरात आली. चार देश, बुधवारी उपान्त्य सामने, शनिवारी अंतिम. जिंकेल तो वरच्या गटात. ठोकळा तेहतीस वर्षांचा होता आणि पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळणार होता. पुढच्या वर्षी त्याला कुणी घेणार नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं. शहरातले खेळाडू घरीच राहत होते. बुधवारी येऊ नकोस, असं त्याने आत्यांना बजावलं. उगाच हरलो तर तू तेवढंच बघशील. शनिवारी ये. आत्यांनी शनिवारसाठी साडीला इस्त्री करून ठेवली.

बुधवारी ते जिंकले. ठोकळ्याच्या डोक्याला मार लागला होता, पण तो सामना संपेपर्यंत मैदानावर होता. संघाच्या डॉक्टरने संध्याकाळी त्याला तपासलं. तरुण मुलगी होती, कामात काटेकोर. पाच शब्द ऐकून परत म्हणायला लावले, महिने उलटे म्हणायला लावले, एका पायावर उभं केलं. त्याने सगळं नीट केलं.

गुरुवारी तो कामाला बसला. हल्ली आत्या त्याला दात बसवायला शिकवत होत्या. त्याने एक वरची कवळी लावून पुढे सरकवली. आत्यांनी ती उजेडात धरली. उजवा सुळा डावीकडे होता आणि डावा उजवीकडे. नवशिक्याची चूक, पण ठोकळ्याने ती अगदी सुरुवातीलाही कधी केली नव्हती. आत्यांनी मेण गरम केलं, दोन्ही सुळे काढले आणि जागच्या जागी बसवले.

शुक्रवारी सकाळी तो यंत्रापाशी बसून म्हणाला, "मावशी, चष्मा दे."

आत्यांचा हात सवयीने मधल्या फळीवर गेला. तिथे चष्मा नव्हता. मेणाचे तुकडे होते, ब्रश होता. त्यांनी मागे वळून पाहिलं. चष्मा त्याच्या समोरच होता, हाताच्या अंतरावर. आणि तो फळीकडे बघतच नव्हता. आत्यांकडे बघत होता.

फळीचं नाव त्याने घेतलंच नव्हतं. त्याने त्यांना हाक मारली होती.

आत्यांनी चष्मा उचलून त्याच्या हातात दिला. तो डोळ्यांवर चढवून त्याने यंत्र सुरू केलं.

तासाभराने तो सरावाला गेला आणि डॉक्टर आली. ती उभ्यानेच बोलली. तपासणीत सगळं ठीक आहे, पण डोक्याचं काही असलं तर घरच्यांना आधी कळतं, म्हणून मी घरी जाऊन विचारते, असं तिने सांगितलं. काही असेल तर बारा दिवस खेळायचं नाही. नियमच तसा. तिच्या हातात कागद आणि पेन होतं.

"आत्या, झोप नीट आहे?"

"आहे."

"चिडचिड? नावं चुकवणं, शब्द इकडचे तिकडे होणं?"

आत्या हातातल्या साच्यावरची धूळ ब्रशने झाडत होत्या. त्यांच्या मनात आलं की आमच्या घरात शब्द नेहमीच इकडचे तिकडे असतात. हे सांगितलं तर ते खोटं होणार नाही. मग खिळ्याला टांगलेली इस्त्रीची साडी त्यांना दिसली.

"नाही," त्या म्हणाल्या.

डॉक्टरने लिहून घेतलं. जाताना तिने विचारलं, उद्या येणार ना बघायला? आत्या हसल्या. तिचे पुढचे दोन दात किंचित एकमेकांवर चढलेत, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

शनिवारी दुपारी मैदानावर चार-पाचशे माणसं असतील. आत्या तिसऱ्या ओळीत बसल्या. चिखलात सगळे सारखेच दिसत होते, पण कुणी तोंड उघडलं की त्यांना कळायचं. हिरवं कवच शिडीचं. पिवळं बोक्याचं. लाल आपल्या ठोकळ्याचं. तो धावत होता, पडत होता, उठत होता. तो इतक्या वेगात धावू शकतो हे त्यांना माहीत नव्हतं. शेजारच्या बाईंना त्या म्हणाल्या, तो दोन नंबरचा, तो माझा.

पहिल्या अर्ध्या भागात रांगेतल्या शिडीने दर वेळी एकच खूण ओरडून दिली: आत्या. चेंडू पुढच्याच्या हातात अचूक जायचा. दर आरोळीला आत्यांना उगाच लाजल्यासारखं व्हायचं. दुसऱ्या भागात समोरच्यांनी पुढच्या माणसाभोवती गर्दी केली. मग शिडी ओरडला, मावशी. ठोकळ्याने चेंडू पुढे फेकला. समोरच्यांनी झेलला. थोड्या वेळाने शिडी ओरडला, काकू. ठोकळ्याने चेंडू पुन्हा पुढेच फेकला. लोक हळहळले. वारा आहे, असं कुणीतरी म्हणालं.

वारा नव्हता. आत्यांनी साडीचा पदर मुठीत घट्ट धरला. डॉक्टर मैदानाच्या पलीकडच्या कडेला बसली होती. तिच्यापर्यंत जायला सगळं मैदान वळसा घालून जावं लागलं असतं. फार तर चार मिनिटं लागली असती. हे आत्यांनी नंतर पुष्कळदा मोजलं.

संघ एका गुणाने पुढे होता. शेवटचं मिनिट राहिलं होतं. चेंडू पुन्हा बाहेर गेला. दोन रांगा उभ्या राहिल्या. शिडी ओरडला, मावशी. ठोकळ्याने चेंडू डोक्यावर धरला आणि तसाच उभा राहिला. शिडी पुन्हा ओरडला. ठोकळा वळला. रांगेकडे पाठ करून तो प्रेक्षकांकडे बघू लागला. एकेक ओळ बघत गेला. गच्चीवर कपड्यांच्या दोरीआडून आवाज यायची वाट बघायचा, तसाच.

आत्या उठल्या. "मधे रे," त्या म्हणाल्या. "मधली खूण." शेजारच्या बाईंनाही धड ऐकू गेलं नसेल.

फेकायला उशीर झाला म्हणून पंचांनी शिटी वाजवली. चेंडू समोरच्यांना मिळाला आणि ते धावत सुटले. पलीकडे डॉक्टर उठून हात हलवत होती, त्याला बाहेर बोलावत होती. ठोकळा मात्र अंगाच्या सवयीने आडवा गेला. शब्द गेले होते, सवय राहिली होती. समोरच्याचा गुडघा त्याच्या कानामागे लागला. धावणारा पडला, चेंडू सुटला, शिडीने तो उचलून मैदानाबाहेर मारला. सामना संपला. ते जिंकले होते, वरच्या गटात गेले होते. सगळे उभे राहून ओरडत होते. आत्या मात्र पुन्हा खाली बसल्या होत्या, त्यामुळे त्यांना समोरच्या पाठींशिवाय काही दिसत नव्हतं. पाठी हळूहळू गप्प झाल्या, तेव्हा त्यांना कळलं.

डोक्यात रक्त साकळलं होतं. कवटी उघडावी लागली. तो वाचला. सात आठवड्यांनी घरी आला. चालतो, जेवतो, भिंतीवर फेकलेला चेंडू झेलतो. शिडी आणि बोका रविवारी येतात, त्यांना तो ओळखतो असं वाटतं. आपण वरच्या गटात गेलो, असं शिडीने त्याला सांगितलं. ठोकळ्याने विचारलं, "कोण?"

बाईमाणूस दिसलं की तो तिला मावशी म्हणतो. सगळ्यांनाच.

चौथ्या महिन्यात डॉक्टर पुन्हा घरी आली. या वेळी ती बसली. रग्बी संघटनेने चौकशी लावली होती. मार लागलेल्या खेळाडूला खेळू दिलं, असा ठपका तिच्यावर होता. संघातून तिला काढलं होतं, कदाचित काम करायची परवानगीही जाणार होती. हे तिने दोन वाक्यांत सांगितलं. तिने तक्रार केली नाही. चौकशीसाठी घरच्यांचा जबाब लागतो, म्हणून आले, एवढंच म्हणाली. शुक्रवारचा कागद तिने टेबलावर ठेवला. त्यावर आत्यांचं 'नाही' होतं, डॉक्टरच्या अक्षरात.

आत्यांनी तो वाचला. खिशातून रुमाल काढावा तसा त्यांनी फळीवरून ठोकळ्याचा जबड्याचा साचा काढला आणि हातात धरून बसल्या.

"हे खोटं आहे," त्या म्हणाल्या.

डॉक्टरला वाटलं, त्या तिच्यावरच्या ठपक्याबद्दल बोलताहेत.

"शुक्रवारी सकाळी तो मला मावशी म्हणाला. मी ऐकलं. फळीचं नाव घेतलं असं मी स्वतःला सांगितलं, पण मला कळलं होतं. आदल्या दिवशी सुळे उलटे लावले, तेही मी बदलून ठेवले. लिहा."

डॉक्टरने लिहिलं नाही. "आत्या, मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"मला त्याला खेळताना बघायचं होतं. एकदाच." त्यांनी साच्यावरून अंगठा फिरवला. "बघितलं."

यंत्र बंद होतं. खिडकीबाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवत होतं. डॉक्टरने पेनचं टोपण काढलं आणि कागदाची मागची बाजू वर केली. आत्या वाक्य सांगत गेल्या, ती लिहीत गेली. तारीख, वेळ, चष्मा, फळी. खाली सही करताना आत्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं. ते नाव फार दिवसांत कुणी घेतलं नव्हतं. दोन अक्षरं त्यांना पुन्हा गिरवावी लागली.

आतल्या खोलीतून हाक आली.

"मावशी, चहा."

डॉक्टरने मान खाली घातली. आत्यांनी साचा फळीवर ठेवला, मधल्या.

"आले रे," त्या म्हणाल्या आणि उठल्या.