हात लावायचा नाही

आमच्या ऑफिसात मोठ्या कंपनीची गिटार असणं कमीपणाचं मानलं जायचं. ती काय कोणीही घेतं, दुकानात जाऊन बोट दाखवलं की झालं. आपली गिटार अशी हवी की तिच्या कारागिराचं नाव समोरच्याने ऐकलेलंच नसावं. एकाकडे प्रागजवळच्या कुठल्याशा गावातली होती, दुसऱ्याकडे बल्गेरियाची. एकीची कोरियातल्या एका छोट्या कारखान्याची होती. तो कारखाना बंद पडला होता, आणि हे ती इतक्या अभिमानाने सांगायची की जणू तिनेच तो बंद पाडला. नव्वदचं दशक संपत आलं होतं. गुडगावात काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यांच्या मागे अजून मोहरीची शेतं होती. आम्ही त्या काचांच्या आत बसून, माणसं कशी कमी करावीत याचा कारखान्यांना सल्ला द्यायचो. आणि रविवारी बॉसच्या फ्लॅटवर जमून गिटारी वाजवायचो.

माझी स्पेनची होती. बॉसने परदेश दौऱ्यावरून आणून दिलेली. आत चिकटवलेल्या कागदावर कारागिराची शाईतली सही होती आणि ती मी येणाऱ्याजाणाऱ्याला टॉर्च लावून दाखवायचे. वाजवायचे मात्र बेताचंच, हे आज सांगायला हरकत नाही.

पण माझ्याकडे त्याहून मोठा हुकमाचा एक्का होता. माझे जिजाजी.

जिजाजी म्हणजे ताईचे यजमान. फरीदाबादला फोर्जिंगच्या कारखान्यात फोरमन होते. लालभडक तापलेल्या लोखंडावर दिवसभर घण पडायचा आणि त्याच्या शेजारी उभं राहून ते माणसांवर ओरडायचे. लहानपणी ते दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेत होते. शाळेपासून थोड्या अंतरावर एक म्हातारा हार्मोनियम आणि सतारी दुरुस्त करायचा. पहिल्या नोकरीला लागल्यावर जिजाजींनी त्याच्याकडून गिटार करून घेतली. मागच्या आणि कडेच्या फळ्या सतारीच्या लाकडाच्या, आणि वरची फळी रेल्वेने रुळांखालून उखडून टाकलेल्या देवदारी स्लीपरची. उन्हाळ्यात त्या गिटारीला हलकासा स्टेशनचा वास यायचा. आत लेबल नव्हतं. म्हाताऱ्याने पेन्सिलने स्वतःसाठीच लिहून ठेवलेलं होतं: 'नीचे की तरफ़ ज़रा मोटा रह गया.' आपल्या हातून काय चुकलं हे वस्तूच्या पोटात लिहून ठेवणारा दुसरा कारागीर मी पाहिला नाही. आमच्या सल्ल्यांच्या पोटात तर आम्ही भलतंच काही लिहायचो.

ताईचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होते. आम्ही बाबांच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. जिजाजी रविवारी यायचे आणि मला शिकवायचे. मेव्हणी म्हणून मी त्यांची यथेच्छ थट्टा करायचे, ते करू द्यायचे. सूर लावताना ते हनुवटी गिटारीच्या कडेवर टेकवायचे. मी त्याची नक्कल करून दाखवली की आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसायची. मंडळाच्या गणपतीत ते एक खेळ करायचे. डोळे बांधून बसायचे, पोरं चार-पाच गिटारी आळीपाळीने वाजवायची, आणि जिजाजी आपली बरोबर ओळखायचे. एकदाही चुकले नाहीत. "शंभरात बांध मला, ओळखेन," म्हणायचे.

ते कान पुढे त्या घणाने खाल्ले. हळूहळू, कुणाच्या लक्षात न येता. सगळे म्हणायचे, जिजाजी मोठ्याने बोलतात, फॅक्टरीचा माणूस. ताईने ते एकट्या मला सांगितलं, स्वयंपाकघरात, पुऱ्या लाटता लाटता.

"डाव्यानं जवळपास काहीच नाही, उजव्यानं थोडं. ओठ बघून चालवतात. कुणाला बोलू नको हं."

"मग फॅक्टरीत टेस्ट नाही होत?"

ताई हसली. कारखान्याच्या दवाखान्यात दरवर्षी कानाची तपासणी व्हायची. हेडफोन लावायचे, शिट्टीसारखा आवाज आला की बोट वर करायचं. नर्स मागे बसून बटण दाबायची आणि समोरच्या औषधांच्या कपाटाच्या काचेत तिचा हात दिसायचा. हात हलला की जिजाजी बोट वर करायचे. "शंभर टक्के पास!" ताई म्हणाली, आणि मग लाटणं तसंच हातात धरून थांबली. कारखान्यात परदेशी भागीदार आला होता. ज्याला ऐकू येत नाही त्याला घणाजवळ ठेवायचं नाही असा नियम येणार होता, आणि घणाजवळून काढलेल्या माणसाला बसवायला दुसरी जागा नव्हती. दोन्ही मुलं शाळेत होती. "आणखी सात वर्षं निघाली पाहिजेत गं," ताई म्हणाली. "बस, सात."

त्या कारखान्याला सल्ला देणारी कंपनी आमचीच होती. हे मी ताईला सांगितलं नाही, आणि माझे जिजाजी तिथे आहेत हे ऑफिसात सांगितलं नाही. त्यात मला बरंच शहाणपण वाटलं होतं.

तरीही मी त्यांना बॉसच्या घरी नेलं. का, तर रेल्वेच्या स्लीपरची गिटार. ती गोष्ट मी एकदा सांगितली आणि बल्गेरिया, प्राग, कोरिया सगळे गार पडले. आता ती दाखवल्याशिवाय मला राहवेना.

रविवारी दुपारी जिजाजी आणि ताई स्कूटरवरून आले. वाटेतल्या पाली गावाच्या खडी-क्रशरजवळच्या रस्त्याने, म्हणजे धुळीने दोघंही पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी. ताईने रेक्झिनचं कव्हर शिवलं होतं, गिटार तिने वाटभर मांडीवर आडवी धरलेली. जिजाजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि त्याच्या खिशात कंगवा होता. मला त्या कंगव्याची लाज वाटली. हे लिहिणं भाग आहे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

गिटारीचं मात्र जोरदार स्वागत झालं. आत टॉर्च मारून सगळ्यांनी पेन्सिलची ओळ वाचली. "क्या बात है!" बॉस म्हणाला आणि जिजाजींना बाल्कनीजवळची खुर्ची दिली. कुठे काम करता, विचारलं. जिजाजींनी ओठ वाचले आणि छाती काढून कारखान्याचं नाव सांगितलं. बॉसने माझ्याकडे पाहिलं. मी समोशाकडे.

मग माझी स्पॅनिश त्यांच्या हातात दिली गेली. तारीफ ऐकायला मी शेजारीच उभी होते. जिजाजींनी ती वाजवलीच नाही. मांडीवर घेऊन बोटांनी ठोकली, तळहात ठेवला, आणि मधल्या भोकाच्या कडेवरून नख फिरवलं.

"अगं, हा प्लाय आहे," ते म्हणाले. त्यांच्या त्या फॅक्टरीच्या आवाजात, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं. "तीन थर, अख्खं लाकूड नाही. हे बघ, नख लाव. देखिए साहब, प्लाय है. बेवकूफ़ बनाया किसी ने."

कडेवर खरोखरच तीन रेघा होत्या. गिटार बॉसने आणलेली होती. कोरियावाली हसली. जिजाजीही हसत होते, रविवारी मला शिकवताना हसायचे तसेच, कारण त्यांच्या लेखी मी अजून त्यांची मेव्हणीच होते आणि ही थट्टाच होती.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तरी मी गोड आवाजात म्हटलं, आणि मुद्दाम त्यांच्याकडे तोंड करून, नीट ओठ हलवून म्हटलं, "जिजाजी, तुमचा गणपतीतला खेळ दाखवा ना."

ताईने मान वर केली. माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी कोणी असती तर थांबली असती.

"नको गं आता. वय झालं," जिजाजी म्हणाले.

"असं काय यार! एकदाच. सगळे थांबलेत." मी माझ्याच ओढणीने त्यांचे डोळे बांधले. गाठ घट्ट मारली.

तेवढ्यात लाईट गेली आणि खाली सोसायटीचा जनरेटर सुरू झाला. गुडगावात तेव्हा याचं कुणाला काही वाटत नसे, आवाज चढवून बोलायचं. बल्गेरियावाल्याने वाजवायला घेतलं. जिजाजी पुढे झुकून बसले होते, चेहऱ्यावर मघाचंच हसू. "हीच!" ते म्हणाले. खोली हसली. पुन्हा प्रयत्न झाला. प्रागच्या गिटारीला त्यांनी "हीच" म्हटलं. मग जास्त हसले सगळे.

जिजाजींनी हात पुढे केला, हवेतच. "एकदा हात लावू दे. वाजत असताना नुसता. बस."

त्यांना मला काही सांगायचं नव्हतं, फक्त मागायचं होतं, आणि काय मागतायत हे त्या खोलीत ताई सोडून मला एकटीला कळत होतं. हात लागला असता तर त्यांनी ओळखलीच असती. तीन थर ओळखले तशीच.

"चीटिंग!" मी ओरडले, त्यांना ऐकू जावं म्हणून कानाशी वाकून. "हात लावायचा नाही."

आणि त्यांची गिटार मी स्वतः घेतली. त्यांनी मला शिकवलेली पहिली धून वाजवली, पूर्ण, शेवटपर्यंत, त्यांच्यापासून दोन हातांवर बसून. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मी थांबले. ते वाट बघत होते. मग म्हणाले, "चलो, शुरू करा ना."

कोणी हसलं नाही. खाली जनरेटर चालू होता. ताई उठली, तिने मागून गाठ सोडली, ओढणीची नीट घडी घालून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "चला, रस्ता वाईट आहे." ओढणीचा डोळ्यांवरचा भाग ओला होता. घाम असेल. मे महिना होता आणि जनरेटरवर पंखे चालत नव्हते.

सोमवारी बॉस माझ्या टेबलापाशी आला. कपातला चहा ढवळत, अगदी सहज विचारलं, "तुम्हारे जीजाजी को सुनाई कम देता है क्या?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. 'नहीं सर, जनरेटर चल रहा था.' एवढं वाक्य. ते मला तेव्हाही सुचलं होतं, मागाहून नव्हे. पण एका रविवारात माझी गिटार प्लायची झाली होती, ती आणणारा माणूस समोर उभा होता, आणि आम्हा दोघांनाही कुणीतरी चुकलेलं हवं होतं.

"थोड़ा," मी म्हटलं.

महिन्याभरात कारखान्याच्या फाटकात कानाच्या तपासणीची गाडी उभी राहिली. आत छोटी बंद खोली, काच नाही, कपाट नाही. घणाजवळच्या सगळ्यांची तपासणी झाली आणि बरेच जण गळाले. त्या अहवालाची स्लाइड मीच केली, निळ्या रंगात. जिजाजींनी स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही केली. सात वर्षांतलं एकही निघालं नाही. भाच्याने पुढे इंजिनिअरिंगचा विचार सोडला आणि लवकर नोकरी धरली. ताईने मला एकदाच विचारलं, "तुला ऑफिसात काही कळलं होतं का गं?" मी नाही म्हटलं. तिने मान डोलावली आणि डबा भरून दिला.

पश्चात्ताप झाला असं लिहिलं की वाचणारा सुटतो आणि लिहिणारीही. मला त्या वर्षी बढती मिळाली.

काही वर्षांनी जिजाजींनी गिटार स्वतः आणून दिली. "तुझ्याकडे राहू दे. तुला असल्या कारागिरांची आवड आहे," म्हणाले. टोमणा नव्हता तो. असता तर बरं झालं असतं. आता ती माझ्या चौदाव्या मजल्यावरच्या घरात भिंतीवर असते. कोणी विचारलं, तुमची आवडती गिटार कोणती, तर मी तीच सांगते, आणि पहाडगंजच्या म्हाताऱ्याची, स्लीपरची, पेन्सिलच्या ओळीची गोष्टही सांगते. छान रंगते. जिजाजी त्या गोष्टीत फार थोडे येतात.

मागच्या दिवाळीत ताई आणि जिजाजी आले होते. मुलांनी त्यांना कानातलं यंत्र घेऊन दिलंय, ते खिशातच असतं, कंगव्याशेजारी. जेवणं झाल्यावर ताई म्हणाली, "वाजव ना थोडं, किती दिवसांत ऐकलं नाही." मी गिटार काढली आणि तीच धून वाजवू लागले, दुसरी मला नीट येतच नाही. जिजाजी समोरच्या सोफ्यावरून माझी बोटं बघत होते. मग उठले, हळूहळू चालत माझ्याजवळ आले, वाकले, आणि उजवा हात गिटारीपासून चार बोटांवर धरून तसेच थांबले. पंचवीस वर्षांची सवय असावी तसे.

"हात लावू का?" त्यांनी विचारलं.

त्यांच्याच फॅक्टरीच्या आवाजात. माझ्या ओठांकडे बघत, उत्तराची वाट पाहत.