वारुळावरची आणि येडी

परवा कोरेगावच्या बाजारात टोपलीतल्या अळंबीचा ओला, मातकट वास आला आणि माझं डोकं पुन्हा चुलीसारखं पेटलं. मी शिकत होतो तेव्हा आमच्या शाळेत एका प्राध्यापकांनी अळंब्यांचं प्रदर्शन मांडलं होतं, चुलतीही बघायला आली होती. मेंढरांमागं जन्म काढलेली माझी चुलती नुसत्या वासावर तीनशे अळंब्या ओळखायची; चारशे म्हणा, माझी हरकत नाही. एकाच नावाच्या चिठ्ठीखाली ठेवलेल्या दोन पांढऱ्या अळंब्या हुंगून ती म्हणाली, “आवं सर, ही वारुळावरची, खायाची. ही येडी. हिनं माणूस मरतंय.” सर हसले, “मावशी, पुस्तकात दोन्ही एकच आहेत.” “मग दोनी खावा की माझ्यासमोर!” सरांचा हात काही ताटलीकडं गेला नाही. पुढं त्यांचं पुस्तक आलं. त्यात येडी वेगळी जात म्हणून छापलेली, शोध सरांचा, जातीला नाव त्यांच्या गुरूंचं, आणि चुलतीचा उल्लेख शाईच्या ठिपक्याएवढाही नाही. चुलती आता नाही. सर मात्र परवा त्याच बाजारात भेटले, म्हणाले, एकदा जेवायला येतो. या म्हणालो. भाजी अळंबीचीच करणार आहे, आणि ती निवडणारं माणूस घरात उरलं नाही, हे ताट वाढल्यावर सांगणार आहे.