साडूभाऊंचा अर्ज

हॉटेलच्या तळघरात चादरींना इस्त्री करणाऱ्या त्या माणसाला सगळे वकील म्हणत. कायद्याचं शिक्षण शून्य. पण परदेशात येऊन त्याला अकरा वर्षं झाली होती आणि त्या काळात कायमच्या वास्तव्याचे इतके अर्ज त्याच्या हाताखालून गेले होते, की कचेरीतल्या बाईचं एखाद्या नियमावर अडलं असतं तर यानेच तिला समजावलं असतं. आपल्याकडचा कोणीही नवखा माणूस कागदांची पिशवी घेऊन त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसायचा. वकील हात धुवायचा, चष्मा पुसायचा आणि काळ्या शाईचं पेन काढायचा. पस्तीस अर्ज भरले, पस्तीसही मंजूर झाले. नामंजूर झाला तो एकाच माणसाचा, खुद्द वकिलाचा. तोही दोनदा.

पहिल्या वेळी पगाराची एक पावती कमी पडली. दुसऱ्या वेळी आईच्या आजारपणात तो मायदेशी सहा महिने नऊ दिवस राहिला. सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की आधीची सगळी वर्षं पाण्यात, मोजणी पुन्हा पहिल्यापासून. वकिलाला हा नियम तोंडपाठ होता, पण आई काही नियम विचारून गेली नाही. मग त्याने पुन्हा वर्षं मोजली आणि तिसरा अर्ज दिला. तो गेले आठ महिने कचेरीत पडून होता.

ज्यांची कायमच्या वास्तव्याची कार्डं आली ते मिठाई घेऊन यायचे. वकील तोंडदेखलं हसायचा, एक तुकडा तोंडात टाकायचा आणि पाहुण्याची पाठ वळली की बायकोला म्हणायचा, "दोन वर्षांपूर्वी याला स्वतःचा पत्ता धड लिहिता येत नव्हता." बायकोला हे वाक्य पाठ झालं होतं.

अशातच साडू आला. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, सुताराचं काम करणारा. या देशात येऊन उणीपुरी सहा वर्षं झालेली. पासपोर्ट खिळ्यांच्या डब्यात ठेवायचा आणि गरज पडली की घरभर शोधत बसायचा. तरी मालक त्याच्यावर खूश, शेजारी खूश, आणि फोनवर सासूबाई दहा मिनिटं बोलल्या तर त्यातली आठ धाकट्या जावयाची असायची. वकिलाच्या पोटात दुखायला एवढं पुरेसं होतं.

"साडूभाऊ, तुमचा हात लागला की काम फत्ते," असं म्हणत त्याने कागद टेबलावर ओतले.

वकील लिहायला बसला. पलीकडच्या खोलीत दोघी बहिणी बोलत होत्या. मेव्हणी म्हणत होती, "कार्ड आलं ना, की आईला इकडेच घेऊन येते. वरची खोली तिला." वकिलाची बायको म्हणाली, "घेऊन ये. आमचं कधी होतंय कोणास ठाऊक."

वकिलाचं पेन तेव्हा परदेशगमनाच्या रकान्यात होतं. वडिलांच्या ऑपरेशनसाठी साडू चार मार्चला मायदेशी गेला आणि नऊ ऑगस्टला परतला, पासपोर्टवरचा शिक्का समोर होता. वकिलाने महिन्याच्या जागी आठाऐवजी नऊ लिहिलं. हात जरासुद्धा अडखळला नाही. सहा महिने पाच दिवस. आपलं जसं झालं तसं याचंही होऊ दे, बघू तरी कसा हसतो. मग अर्ज भरून देणाऱ्या मदतनिसाच्या चौकटीत त्याने आपली झोकदार सही ठोकली.

"एकदा वाचून घ्या," तो म्हणाला. एवढं बोलण्याचा निगरगट्टपणा त्याच्यात होता.

"तुम्ही भरलाय, मग वाचायचं काय?" साडूने सही केली.

दोन दिवस वकील खुशीत होता. तिसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की अर्जाला पासपोर्टची प्रत जोडली आहे आणि तिच्यावर ऑगस्टचा शिक्का आहे. त्या आठवड्यात त्याने तीन चादरी जाळल्या.

महिन्याभरात पत्र आलं. तारखा जुळत नाहीत, चौदा दिवसांत लेखी खुलासा द्यावा, जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचं आढळल्यास अर्ज फेटाळला जाईल. साडू ते घेऊन आला तेव्हा वकिलाने ते दोनदा वाचलं. खरं लिहायचं तर आपलं नाव घालावं लागणार. आणि दुसऱ्याच्या अर्जात खोटं लिहिणाऱ्याचा स्वतःचा अर्ज ती कचेरी कशाला मंजूर करेल? त्याने पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"लिहा," साडू म्हणाला, "की तारीख सांगताना माझी चूक झाली, माफी असावी."

"पण तुम्ही..."

"लिहा हो."

वकिलाने लिहिलं. लिहितानाही तो जळत होता. स्क्रू मागावा इतक्या सहज या माणसाला 'माझी चूक' म्हणता येतं आणि आपल्या घशातून ते दोन शब्द निघत नाहीत.

माफी चालली. सहा आठवड्यांनी साडू कार्ड घेऊन आला, दोघी बहिणी ते हातात घेऊन खिडकीशी गेल्या. वकिलाने आवाज खाली आणला.

"ती तारीख मी मुद्दाम बदलली होती."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पत्र आलं त्या दिवसापासून. मी तुम्हाला तारीख सांगितलीच कुठे होती? तुम्ही शिक्का बघून लिहिली."

"मग चूक स्वतःवर का घेतलीत?"

"तुमचा अर्ज अजून आत आहे ना." साडू उठला, बूट घालू लागला. नाडी बांधून झाल्यावर वर न बघता म्हणाला, "पण साडूभाऊ, माझ्या भावाचा अर्ज भरायचा आहे. तो मी दुसऱ्या कोणाकडून तरी भरून घेईन."

दार लागलं. वकिलाला लाज वाटली, नाही असं नाही. पण लाजेच्याही आधी पोटात तीच जुनी कळ उठली. कार्ड मिळालं ते मिळालं, एवढं मोठं मनसुद्धा यालाच मिळावं?