लाईट आल्यावरचा वर्ग

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी माझे सासरे माझ्याशी सरळ बोलत नसत. राग वगैरे काही नव्हता, घराची रीतच तशी होती. पाणी पाहिजे असलं की ओसरीवरून सासूबाईंना म्हणायचे, "तिला सांग, तांब्या दे म्हणावं." मी तिथंच हातभर अंतरावर तांब्या घेऊन उभी असायची. डोक्यावरचा पदर सावरून मी तांब्या खाली ठेवायचा, आणि मी वळले की त्यांनी तो उचलायचा.

आमचं गाव भोकरदन तालुक्यात, धावड्याच्या पुढं. गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी शिकवत होते. सासऱ्यांचा जन्म मेंढरांमागं गेलेला. दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचे, लोकांच्या रानांत मेंढरं बसवत पार गोदावरीच्या अंगाला जायचे आणि पेरणीच्या आधी परत यायचे. मग गुडघे गेले. माझा नवरा एकुलता एक, आणि त्याला मेंढरांत कधीच गोडी नव्हती. तो जालन्यात, स्टेशनजवळच्या एका दुकानात संगणक दुरुस्त करायचा आणि आठवड्याला घरी यायचा. शेवटी सासऱ्यांनी कळप विकला. त्यानंतरही ते पहाटे मेंढरं सोडायच्या वेळेला उठायचे, अंगणात थोडा वेळ उभे राहायचे आणि परत ओसरीवर येऊन बसायचे. बापलेकांचं बोलणं "आलास?" आणि "निघालास?" एवढंच.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. आमच्या शाळेला कुठल्याशा योजनेतून एक संगणक मिळाला. नारळ फुटला, पेढे वाटले, मुलांनी खिडकीच्या गजांतून गर्दी करून तो पाहिला. चार-सहा महिने कसेबसे गेले आणि एक दिवस तो अडला. बटण दाबलं की पडद्यावर इंग्रजीत एक ओळ यायची आणि पुढं काही नाही. रविवारी नवऱ्यानं येऊन पाहिलं.

"मशीन धडधाकट आहे," तो म्हणाला. "आतला प्रोग्रॅम गेलाय. नवा विकत घ्यावा लागंल."

मुख्याध्यापक म्हणाले, "वरून मंजुरी यायला वर्ष जाईल हो. तोवर झाकून ठेवू."

तेव्हा नवरा जरा बिचकतच म्हणाला, "एक फुकटचा प्रोग्रॅम आहे. दुकानात रिकामा असलो की मी त्याच्यावरच शिकत बसतो. पण ह्या मशीनचा सीडीचा खण बंद पडलाय, त्यामुळं दुकानात आणावं लागंल."

सोमवारी पहाटे, शाळा उघडायच्या आधीच तो गेला. पुढच्या सुट्टीला मी एकटीच खोकं घेऊन निघाले होते. ओसरीवरून आवाज आला, "तिला सांग, मी येतो संगं. ते धूड एकटी कशी नेईल?"

सासऱ्यांनी संगणकाचं खोकं आपल्या घोंगडीत गुंडाळलं. भोकरदनपर्यंत जीप आणि तिथून जालन्याची बस. दोन्हींत ते मांडीवर घेऊन बसले होते, खड्डा आला की दोन्ही हातांनी उचलून धरायचे. बसमध्ये कंडक्टर घोंगडीकडं बघून म्हणाला, "आजोबा, कोकरू हाय का आत? तिकीट लागंल बरं त्याचं."

"बिमार हाय," सासरे शांतपणे म्हणाले. "दवाखान्यात चाललंय."

मला हसू आवरेना. मी तोंडाला पदर लावला. तिरक्या नजरेनं पाहिलं तर त्यांच्याही मिशा हलत होत्या.

दुकान एवढंसं होतं. नवऱ्यानं स्टूल पुसून वडिलांना बसायला दिलं आणि खोकं उघडलं. आत धुळीचा थर, आणि कोपऱ्यात एका कोळ्यानं घर केलेलं. त्यानं छोट्या ब्रशनं ते सगळं हलकेच झाडलं, एक वायर काढली, दुसरी जोडली. इतक्या वर्षांत त्याचे वडील दुकानात पहिल्यांदाच आलेले. ते पडद्याकडं बघतच नव्हते, मुलाच्या हातांकडं बघत होते.

प्रोग्रॅम बसायला वेळ लागला. मग निळ्या पडद्यावर मराठी अक्षरं उमटली. मी खुर्चीतून उठलेच.

"खर्चा किती झाला?" सासऱ्यांनी विचारलं.

"काहीच नाही, दादा."

"फुकट कोन देतं? मागून हिसाब येईल."

नवरा समजावायला लागला. देशोदेशीच्या माणसांनी मिळून हे लिहिलंय, ज्याला पाहिजे त्यानं घ्यावं, दुसऱ्याला द्यावं, आवडलं नाही तर बदलावं, कुणी अडवत नाही. त्याला बोलता नीट येत नाही. मध्येच इंग्रजी शब्द आले, तो अडखळला आणि खोक्याचे स्क्रू पिळायला लागला. सासऱ्यांनी खोकं परत घोंगडीत गुंडाळलं.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी मी, पलीकडं ते. सासूबाई बरोबर नव्हत्या, त्यामुळं "तिला सांग" म्हणायला कुणी नव्हतं. बऱ्याच वेळानं ते समोरच्या सीटकडं बघत म्हणाले, "विरजनासारखं हाय म्हन की ते. शेजारणीला दिलं म्हनून आपलं दही कमी न्हाई होत."

हे माझ्याशीच बोलले, हे कळायला मला क्षणभर वेळ लागला.

"हो मामा," मी म्हणाले. "तसंच आहे."

"मंग बराबर." आणि मांडीवरची घोंगडी सारखी करत, "त्याचा हात लई हलका हाय. मेंढीचा खूर कापताना असाच हात लागतो."

हे मी नवऱ्याला पुढच्या शनिवारी सांगितलं. तो जेवत होता. घास तसाच हातात धरून त्यानं मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

त्यानंतर त्याला काय उत्साह चढला! एका व्यापाऱ्याच्या पेढीनं भंगारात काढलेले जुने संगणक त्यानं मागून आणले, रात्रंदिवस खटपट करून चालू केले. त्यांच्यावर विकतचा नवा प्रोग्रॅम चाललाच नसता. हा फुकटचा मात्र धापा टाकत का होईना चालायचा. शाळेच्या मागच्या खोलीत आम्ही बाकडी लावली. सासऱ्यांनी धूळ बसू नये म्हणून आपली घोंगडी आणून एका संगणकावर पांघरली. लोकरीनं मशीनला करंटचा त्रास होतो, असं नवऱ्यानं सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला. सासूबाईंनी लगेच पेटीतून जुनं लुगडं काढून दिलं.

सगळं जमलं, पण लाईट नव्हती. तेव्हाचं लोडशेडिंग आठवा. शाळेची घंटा झाली की लाईट जायची ती शाळा सुटल्यावरच यायची. संध्याकाळी मुलं गुराढोरांत आणि घरकामात, त्यामुळं हाताशी लागायची ती फक्त पहाट. तीही कधी अंधारात, कधी उजाडल्यावर, आणि दर आठवड्याला वेळ बदललेली. मी ठरवलं, वर्ग पहाटेच घ्यायचा. पण मुलांना बोलवायचं कसं?

"मी हाळी देतो," सासरे म्हणाले. माझ्याकडं बघून म्हणाले.

पहिल्या दिवशी बल्ब पेटला तशी त्यांची हाळी निघाली. आधी जिभेवर घोळवलेला "हुर्रर्र" आणि मग वर वर खेचत नेलेला लांब आवाज. गल्लीतली कुत्री उठली. कुणाच्या तरी रानात मेंढरं शिरली म्हणून दोन बाया काठ्या घेऊन बाहेर आल्या. आणि मग एकेका दारातून मुलं निघाली, तोंडं न धुतलेली, आईच्या साड्या गुंडाळलेली, डोळे चोळत. सगळ्यांत मागं राहिलेल्या एका चिमुरड्यामागून सासरे काठी टेकत चालत होते. सगळी आत गेल्यावर त्यांनी दार लोटलं आणि उंबऱ्यात बसले.

मग रोजचंच झालं. मुलं अक्षरं टाइप करायची, पाढ्यांचे खेळ खेळायची, चित्रं काढायची. पडद्यावरची मराठी कुठं पुरी, कुठं अर्धी होती, आणि काही शब्द तर मलाच अवघड वाटायचे. "बाई, संपादन म्हंजी काय?" मुलांनी विचारलं. नवरा म्हणाला, शब्द सुचवायला ह्यात मुभा आहे. मग आम्ही आठवडाभर शब्दच शोधले. 'जतन करा'ला मुलांनी 'जपून ठेवा' काढला. नवऱ्यानं तो जालन्याहून मेल करून पाठवला. पुढं त्याचं काय झालं मला ठाऊक नाही, पण आमच्या खोलीत सगळी 'जपून ठेवा'च म्हणायची.

चौथीतली एक मुलगी होती, आमच्या भावकीतलीच. तिचे आईवडील अजून मेंढरं घेऊन जायचे आणि ती आजीजवळ राहायची. बोलायची कमी. एकदा तिनं पडद्यावर मेंढी काढली. उंबऱ्यातून सासरे म्हणाले, "कान असे न्हाईत. खाली पडल्याले पाह्यजेत."

"आबा, मंग तुम्हीच दावा की."

ते उठून आले. तिनं माऊस त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उचलून सरळ पडद्यालाच टेकवला. सगळा वर्ग हसला. मुलीनं मात्र न हसता त्यांचा हात परत टेबलावर ठेवला, वर आपला इवलासा हात ठेवला आणि दोघांनी मिळून एक कान काढला. तो जमिनीपर्यंत गेला.

"लई लांब झाला," सासरे म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तिला लांबून ऐकू येईल."

त्या दिवाळीत नवऱ्यानं एक माईक आणला. मुलांनी आवाज भरायचा सपाटा लावला. कोंबडा, पिठाची गिरणी, माझं ओरडणं. त्यात त्या मुलीनं एका पहाटे सासऱ्यांची हाळीही भरून ठेवली, हे मला ठाऊक नव्हतं.

हिवाळ्यात सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. जालन्याला नवऱ्याच्या खोलीवर ते काही दिवस राहिले. इकडं मी काळजीत, आता मुलांना कोण उठवणार? पण दुसऱ्याच पहाटे लाईट आली आणि हाळी ऐकू आली! मी धावत शाळेत गेले. ती मुलगी शाळेशेजारीच राहायची. मुख्याध्यापकांकडून किल्ली मागून घेऊन तिनं संगणक लावला होता आणि झेंडावंदनाचा भोंगा त्याला जोडला होता. मुलं नेहमीसारखी येत होती.

सासरे परत आले ते काळा चष्मा लावून. डॉक्टरनी आराम सांगितला होता. ते आल्याचं मुलांना ठाऊक नव्हतं. पहाटे भोंग्यातून हाळी निघाली, आणि खाटेवर ते ताडकन उठून बसले.

"मी हितं पडल्यालो हाय, मंग तिकडं कोन वरडून राह्यलं?"

"मामा, तो तुमचाच आवाज आहे. मुलांनी भरून ठेवलाय."

ते काठी घेऊन निघालेच. सासूबाई मागून ओरडत राहिल्या. शाळेत पोचल्यावर त्यांनी ती हाळी पुन्हा लावायला लावली. मान खाली घालून ऐकली. आणखी एकदा ऐकली. ती मुलगी रडवेली झाली होती.

"आवाज चांगला हाय," ते शेवटी म्हणाले, कुणा दुसऱ्याबद्दल बोलावं तसं. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पन ह्याला दिसत न्हाई न माय, कोन आलं, कोन मागं ऱ्हायलं. ते म्या बघतो."

दुसऱ्या दिवसापासून हाळी पुन्हा त्यांचीच. मुलीनं भोंगा कपाटात ठेवून दिला.

दोन-तीन वर्षांनी माझी बदली घनसावंगीकडं झाली. ऑर्डर हातात आली त्या संध्याकाळी मी घरात सांगितलं. सकाळी मी भाकरी थापत असताना सासरे स्वयंपाकघराच्या दाराशी आले. तिथवर ते कधी येत नसत.

"पोरांना कोन शिकवणार?"

"मोठ्या मुली शिकवतील, मामा. त्यांना सगळं येतं. आणि रविवारी हे आहेतच."

"मंग जाय बिनघोर."

नव्या गावात मी खोली करून राहिले. तिथल्या शाळेतही संगणक होते, कुलूपबंद. नवऱ्यानं दिलेली सीडी घेऊन मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. महिन्यातून दोनदा घरी जायचे. सासूबाई सांगायच्या की रविवारी बापलेक दिवसभर शाळेच्या खोलीतच असतात. एकजण खोकं उघडतो, दुसरा स्क्रू वाटीत जपून ठेवतो, आणि जेवायला बोलावलं तरी लवकर येत नाहीत.

पुढं नवऱ्यानं वडिलांना एक साधा मोबाईल घेऊन दिला. दर रविवारी संध्याकाळी तो नंबर लावून त्यांच्या हातात द्यायचा. सासरे मोठ्यानं बोलायचे, घनसावंगीपर्यंत आवाज तसाच पोचवायचा असल्यासारखे. कोणतं मशीन आजारी आहे, कोणती मुलगी तालुक्याला शिकायला गेली, कुणी नवं चित्र काढलं. मी हो हो म्हणत ऐकायची. माझ्याबद्दल ते कधी काही विचारत नसत, आणि माझीही तशी अपेक्षा नव्हती.

एका रविवारी सगळं सांगून झालं तरी त्यांनी फोन ठेवला नाही. नुसता श्वास ऐकू येत होता.

"मामा?"

"जेवलीस का, पोरी?"

"नाही अजून. तवा ठेवायचाय."

"मंग आधी जेव," ते म्हणाले. "जल्दी कर."

फोन बंद करायचं बटण त्यांना सापडलं नसावं. मी कानाला लावून तशीच उभी राहिले. बऱ्याच वेळपर्यंत आमच्या अंगणातल्या कोंबड्या, सासूबाईंचं काहीतरी पुटपुटणं आणि माझ्या नवऱ्याचं हसणं मला ऐकू येत राहिलं.