घेतली का?

धामणकर नाक्यावरच्या त्या औषधवाल्याला मी कधी स्टुलावर बसलेलं पाहिलं नाही. बोलता बोलता तो गोळ्यांच्या पट्ट्या सारख्या करायचा, चिठ्ठी दोनदा वाचायचा आणि चार गिऱ्हाइकांदेखत मोठ्याने विचारायचा, "जुलाब कोणाला होतायत?" मला ते आवडत नसे.

आईच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. सकाळी मी त्याच्याकडे फक्त पोट साफ करायची पावडर मागितली. चिठ्ठीतल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या ऑपरेशननंतरच्या असतील, असं मी धरून चालले होते.

"नाय ताई, या आजच घ्यायच्यात," तो म्हणाला. "पावडरने पोट धुतलं तरी जंतू उरतात. उद्या आतडं कापून जोडणार. जखम पिकायला नको."

चिठ्ठीतल्या दोन प्रकारच्या गोळ्यांपैकी एक त्याच्याकडे नव्हती. गिऱ्हाइकं तशीच सोडून तो ट्रॅफिकमधून पलीकडच्या दुकानात धावला. "अरे भाई, किधर चले?" कोणीतरी ओरडलं. घामाघूम होऊन परतला, खोक्यावर वेळा लिहिल्या आणि माझा नंबर घेतला.

दुपारपासून गोळीच्या प्रत्येक वेळेला त्याचा फोन, "घेतली का?" संध्याकाळी आईनेच माझ्या हातून फोन घेतला. दोन दिवस ती कोणाशी बोलली नव्हती.

"घेतली हाय. पन उद्या मी उठन ना, बाबा?"

स्पीकरवर नाक्यावरच्या हॉर्नमधून त्याचा आवाज आला.

"ते मला नाय सांगता येणार, मावशी. आजचं काम मात्र आपण नीट केलंय."

पुढे तिची जखम न पिकता भरली. त्या संध्याकाळी मात्र आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. आईने फोन ठेवला आणि हॉस्पिटलची पिशवी स्वतः भरायला घेतली.