कोळशावरची शेती

ऑर्किडच्या रोपाला पहिलं फूल यायला वर्षं जातात. किस्स्यांचं तसं नाही. ते आमच्या पॉलिहाउसमध्ये बारमाही फुलतात, तेही खतपाणी न घालता! उरणला द्रोणागिरीकडे जाताना कंटेनरच्या गोदामांमध्ये एकच हिरवी जाळी दिसते, ती आमची नर्सरी. मालक पुंडलिकभाऊ, इथल्याच गावातले आगरी. मी सुपरवायझर, रोज कामोठ्याहून येते. आणि समोरच्या घराच्या ओट्यावर बसून आम्हा दोघांवर नजर ठेवणारी भाऊंची आई!

आईनं उभं आयुष्य भात लावलेला. ऑर्किड कोळशावर आणि नारळाच्या सोडणांवर वाढतं, हे तिला कधी पटलंच नाही. "माती नाय, चिखल नाय. कोलशाव झारा टांगतंस नं त्याला शेती बोलतंस?" असं म्हणून ती जी ओट्यावर बसली, ती नर्सरी सुरू झाल्यापासून एकदाही आत आली नाही. जगानं कितीही वाहवा केली तरी भाऊंना शाबासकी हवी होती ती तिची. मला त्यांचं खरंच वाईट वाटायचं.

*

एक काका सडलेलं रोप घेऊन आले. भयंकर तापलेले.

"फसवणूक आहे ही! कुंडीत मातीच नव्हती. मी काळी माती घातली, शेणखत घातलं, रोज दोन वेळा पाणी घातलं. पोटच्या पोरासारखं वाढवलं हो!"

भाऊंनी नवीन रोप त्यांच्या हातात दिलं. "काका, ह्याला जरा सावत्रपणे वागवा."

*

एका सोसायटीनं लॉबीत ठेवायला पांढरं ऑर्किड नेलं. ह्या जातीची फुलं महिनोन्‌महिने टिकतात. गणपती झाले, दिवाळी झाली, फुलं तश्शीच! शेवटी कमिटीनं मीटिंगमध्ये ठरवून टाकलं, की हे प्लॅस्टिक आहे. मग पाणी बंद, फक्त डस्टिंग चालू.

नंतर सेक्रेटरींचा मला फोन. "मॅडम, काय क्वालिटी देता तुम्ही? तुमचं प्लॅस्टिक वाळलं!"

*

शाळा-कॉलेजची ट्रिप आली, की भाऊ इतिहासात शिरतात. जुन्या काळी विलायतेतल्या श्रीमंतांना ऑर्किडचं वेडच लागलं होतं. माणसं पाठवून जंगलंच्या जंगलं ओरबाडली. निम्मी रोपं बोटीवर मेली, उरलेली काचेच्या घरात कोंडली आणि ऊब यावी म्हणून खाली कोळसा पेटवला. त्या कोंदटपणात तीही गुदमरून गेली!

"आणि बघा," भाऊ छाती फुगवून सांगतात, "साहेबानं जी हवा कोळसा जाळून बनवली, ती आपल्याला उरणला मे महिन्यात फुकट!"

एका प्रोफेसरांनी वर फिरणाऱ्या पंख्यांकडे बोट दाखवलं. "मग हे कशाला?"

"फुकट आहे ना सर, जरा जास्तच मिळते!"

*

व्हॅनिला हेसुद्धा एक ऑर्किडच, हे ऐकून एका ताईंनी लगेच वेल घेतला. आठवड्यानं फोन. "पानं चुरगळून बघितली. अजिबात वास नाही!"

मी समजावलं. वेल मोठा होणार, मग फूल, ते हातानं फळवायचं, मग शेंग, ती कित्येक महिने मुरवायची.

"अहो, पण पाहुणे रविवारी येतायत!"

"मग ताई, आइस्क्रीम विकतच आणा."

*

आता सीतेची वेणी. हे आपल्या सह्याद्रीतलंच ऑर्किड. गुलाबी ठिपक्यांच्या फुलांचा लांब तुरा वेणीसारखा खाली लोंबतो, म्हणून हे नाव. भाऊंनी लॅबमधून आणलेल्या, बाटलीतल्या इवल्या रोपापासून ते वाढवलेलं. ह्या मे महिन्यात त्याला पहिल्यांदाच तुरा आला, आणि रविवारी वाशीत ऑर्किडचं प्रदर्शन! भाऊ त्या झाडाजवळ मोठ्यानं बोलूसुद्धा देत नव्हते.

शनिवारी सकाळी बघतो तर तुरा गायब! देठापासून खुडलेला.

भाऊंनी नर्सरी डोक्यावर घेतली. मला झापलं, माळ्यांना झापलं, गोदामवाल्यांवर संशय घेतला. संध्याकाळी शेजारी पुतण्याची हळद होती, तिथंही तोंड पाडूनच गेले. मी सोबत होते.

मांडवात धवलारीण लग्नाची गाणी म्हणत होती. तिच्याभोवती बायका बसलेल्या, आणि मधोमध आई. अंबाड्याभोवती गुंडाळलेली, खांद्यावर रुळणारी, अख्खी सीतेची वेणी!

एका बाईनं विचारलं, "आये, कुठशी आनलीस गो?"

"माजे पोराचे शेतानची हाय," आई ठणकावून म्हणाली. "बाजारान नाय भेटाची!"

भाऊ खांबाला धरून उभे राहिले. मी म्हटलं, "भाऊ, उद्या प्रदर्शनाला दुसरं काहीतरी नेऊ या." त्यांनी ऐकलं नाही. रविवारी तेच झाड नेऊन टेबलावर मांडलं, नुसती पानं आणि खुडलेला देठ.

परीक्षक बाई थांबल्या. चष्मा सावरून त्यांनी झाड सगळीकडून बघितलं.

"अहो, फूल कुठाय?"

"आईच्या अंबाड्यात!" भाऊ म्हणाले.